जमा, नावे आणि एक तिरपी रेषा

(विद्यार्थी-गुणगौरव समारंभातील भाषण)



गेल्या मे महिन्यात संस्थेच्या सभागृहात आम्ही कॉम्प्युटर ग्राफिक्सचा, म्हणजे गणिताच्या साहाय्याने संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटविण्याच्या विद्येचा, प्राथमिक वर्ग चालविला. आम्ही मॅट्रिकपलीकडे शिकलेलो नाही. हा विषय निवृत्तीनंतर भाच्याकडून शिकलो, हे आरंभीच सांगितलेले बरे. वर्गात विज्ञानाचे, वाणिज्याचे, तसेच दुकानांच्या पाट्या रंगविणारेही विद्यार्थी होते.

पहिले दोन दिवस आम्ही त्रिकोणमितीची सूत्रे मांडली. विज्ञानाच्या मुलांनी माना डोलाविल्या. तिसऱ्या दिवशी वाणिज्य शाखेची एक मुलगी आली नाही. घरी चौकशीस गेलो, तेव्हा "गुरुजी, ते माझ्यासाठी नाही," एवढेच ती म्हणाली. चूक आमची होती. आईच्या आग्रहावरून ती दुसऱ्या दिवशी आली.

त्या दिवशी संगणक बंद ठेवून आम्ही चौकटींचे कागद वाटले. पडदा म्हणजे रांगोळीच्या ठिपक्यांसारखी मांडणी. १९२० उभ्या व १०८० आडव्या ओळींच्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. तिरपी रेषा काढताना त्यांतील कोणते भरावयाचे? आयबीएममधील जॅक ब्रेझेनहॅम यांनी १९६२ साली बसविलेली रीत आम्ही साध्या रूपात सांगितली. सात चौकटी उजवीकडे व तीन वर जावयाचे असेल, तर प्रत्येक पावलास ३ जमा करावे; बाकी साडेतीनांहून अधिक झाली की एक चौकट वर चढावे व ७ नावे टाकावे. संगणक हेच आकडे दुप्पट करून अपूर्णांक टाळतो.

"म्हणजे बाकी पुढे ओढावयाची!" ती मुलगी उद्गारली, आणि सातव्या पावलास बाकी शून्य करून तिने कागद आमच्यापुढे ठेवला. विज्ञानाची मुले अद्याप भागाकारात होती.

त्यांची अडचण पुढे आली. घड्याळाच्या उलट फिरावयाचा त्रिकोण पडद्यावर सुलट फिरला. सूत्र तर बरोबर! पाट्या रंगविणारा मुलगा म्हणाला, "पाटी वरून खाली लिहितात, तशी मोजणीही वरून असेल." तसेच होते; जुन्या दूरचित्रवाणीची किरणरेषा डावीकडे वरून सुरू होई, त्याचा हा वारसा. तोच मुलगा मात्र तांबडा व हिरवा मिळून पिवळा होतो हे मानीना. रंगाच्या डब्यात तसे होत नाही, हे त्याचे म्हणणे खरेच. अखेर दोन टॉर्चांवर जिलेटिनचे कागद लावून भिंतीवर दाखविले.

येत्या मे महिन्यात वर्ग पुन्हा भरेल. संगणक तीनच आहेत. चौकटींचे कागद मात्र पुष्कळ लागतील, ते कोणी दिल्यास उपकार होतील. रेषेचा पहिला तास तीच मुलगी घेणार आहे.