देशाला धर्म असतो काय?

(विहाराच्या वर्धापनदिनी पुंडलिकनगर येथे केलेले भाषण)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना त्रिवार वंदन करून आम्ही दोन शब्द बोलतो. आम्ही काही प्राध्यापक नाही. गिरणीत सूत काढता काढता उमर गेली. शाळा अर्ध्यात सुटली. पुढचे जे काही वाचन झाले ते पाळी सुटल्यावर, विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर. तेव्हा चुकले तर सांभाळून घ्या.

मागे एका रविवारी वंदना झाल्यावर आपल्याच वस्तीतल्या एका पोराने आम्हाला गाठले. कॉलेजात शिकतो. म्हणाला, "काका, लोक म्हणतात इंग्लंड-अमेरिका ही ख्रिश्चन राष्ट्रे, अरबांची मुसलमान राष्ट्रे, मग भारताला हिंदू राष्ट्र म्हटलं तर काय बिघडलं? आपण त्यावर रागावतो. पण आपण तर बौद्धमय भारत म्हणतो. मग त्यांचं चूक आणि आपलं बरोबर, हे कसं?"

बंधूंनो, आम्ही गप्प झालो. नामांतराच्या दिवसांत आम्ही स्वतः घसा बसेस्तोवर ही घोषणा दिलेली. पण तिचा अर्थ काय, हे कुणी असे समोर उभे राहून विचारले नव्हते. त्या रात्री झोप आली नाही. आज जे बोलतो आहोत ते त्या पोराला दिलेले उत्तर समजा.

आधी त्या ख्रिश्चन राष्ट्राचेच बघू. अमेरिकेत बहुसंख्य लोक ख्रिस्ती, यात वाद नाही. पण तिथल्या राज्यघटनेत 1791 साली दुरुस्ती झाली, की संसदेने कोणताही धर्म स्थापन करणारा कायदा करू नये. 1797 मध्ये त्रिपोलीशी जो तह झाला त्यात तर स्पष्ट लिहिले, की अमेरिकेचे सरकार ख्रिस्ती धर्मावर उभारलेले नाही. इंग्लंडची गोष्ट निराळी. तिथला राजा आजही तिथल्या चर्चचा प्रमुख असतो. म्हणजे बघा, एकाच शब्दात दोन गोष्टी कोंबल्या आहेत. लोकांचा धर्म एक आणि राज्याचा धर्म एक. लोकांचा धर्म मोजता येतो. राज्याचा धर्म हा कायद्याने लादावा लागतो. पहिल्याचा आकडा दाखवून दुसरा मागणे, ही खरी लबाडी आहे.

आता आपल्या घरचे उदाहरण घेऊ. आपला मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. राजा मुसलमान, रयत बहुतेक हिंदू. मग ते राज्य कोणत्या धर्माचे म्हणायचे? आमच्या आजोबाला हा प्रश्न कुणी विचारला असता तर तो हसला असता. दरबारात धर्म एक, गावात धर्म दुसरा, पण महारवाडा दोन्हीकडून गावकुसाबाहेरच! पाणवठा निराळाच! मुंबईकडे त्याच काळात इंग्रजांचे, म्हणजे ख्रिश्चन राजाचे राज्य होते. तिथे महारांची लष्करभरती बंद केली गेली. राज्याच्या कपाळावर कोणत्या धर्माचा टिळा आहे यावरून आमच्या माणसाच्या ताटात काय पडते, हे कधी कळलेच नाही.

आम्ही गिरणीवाले, म्हणून गिरणीची एक गोष्ट सांगतो. पूर्वी मुंबईच्या गिरण्यांत कापड विणण्याच्या खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत. का? तर धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढून बाहेर काढावा लागे. ज्या धोट्याला अस्पृश्याचे तोंड लागले त्याला सवर्ण कामगार तोंड लावीना. त्या खात्यात पगार जास्त, म्हणून आमची माणसे कमी पगाराच्या खात्यांत. बाबासाहेबांनी 1928 च्या संपाच्या काळात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. आता गंमत बघा. गिरण्यांचे मालक पारशी होते, हिंदू होते, मुसलमान होते, ज्यू होते, गोरे साहेबही होते. मालकाच्या धर्माने गिरणीला धर्म आला नाही आणि आमची अडचणही गेली नाही. गिरणीला धर्म नसतो, नियम असतात. देशाचेही तसेच. नियम सर्वांना सारखे आहेत का, एवढेच विचारायचे असते.

हे नियम लिहिताना काय घडले, तेही ऐका. 17 ऑक्टोबर 1949. घटना समितीत उद्देशिकेवर चर्चा चालू होती. एच. व्ही. कामत यांनी दुरुस्ती मांडली, की घटनेची सुरुवात "ईश्वराच्या नावाने" व्हावी. कामत काही वाईट माणूस नव्हते. पण पंडित हृदयनाथ कुंझरूंसारख्या सभासदांनी विरोध केला, की श्रद्धेची सक्ती नको. शेवटी मतदान झाले. बाजूने 41, विरोधात 68. ईश्वराच्या नावावरसुद्धा मत घेतले गेले आणि ते हरले! ज्या सभागृहात बहुतेक जण ईश्वर मानणारे, त्याच सभागृहाने हे केले. म्हणून आपली घटना सुरू होते ती आम्ही, भारताचे लोक, या शब्दांनी. त्या "आम्ही"त तुम्ही आहात, आम्ही आहोत, शेजारचे रहीमभाई आहेत, न मानणारा नास्तिकही आहे. पुढे 1976 मध्ये धर्मनिरपेक्ष हा शब्द उद्देशिकेत घातला. काही लोक म्हणतात तो शब्द मागून आला. पण कलम 15, 25, 27, 28 पहिल्यापासून आहेत. धर्मावरून भेदभाव नाही, आपला धर्म निवडण्याची मोकळीक, धर्माच्या प्रसारासाठी कर नाही, सरकारी पैशाच्या शाळेत धर्मशिक्षण नाही. 1994 च्या बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने धर्मनिरपेक्षता ही घटनेच्या मूळ चौकटीचा भाग मानली. तो शब्द काढा म्हणून गेलेल्यांच्या याचिका नोव्हेंबर 2024 मध्ये त्याच न्यायालयाने फेटाळल्या.

आता त्या पोराच्या प्रश्नाचा अवघड भाग. बौद्ध राष्ट्राचे काय? उपासकहो, कडू लागेल, पण आपल्याच धम्मबांधवांच्या देशांकडे बघितले पाहिजे. श्रीलंकेने 1972 च्या घटनेत बौद्ध धर्माला अग्रस्थान दिले, 1978 च्या घटनेतही ते ठेवले. पण 1983 च्या जुलैत तमिळांची घरेदारे जाळली गेली, आणि जे युद्ध पेटले ते 2009 पर्यंत चालले. ब्रह्मदेशात 1961 साली पंतप्रधान ऊ नू यांनी बौद्ध धर्म राजधर्म केला. ख्रिस्ती काचिन लोक दुखावले. पुढच्याच वर्षी लष्कराने सत्ता घेतली. 2017 मध्ये त्याच देशातून सात लाखांवर रोहिंग्यांना जीव मुठीत धरून बांगलादेशात पळावे लागले. सांगा, यात तथागताची करुणा कुठे आहे? कुणाच्या घरावर धम्मचक्राचे निशाण लावून शेजारच्या घराला आग लावली तर तो धम्म राहतो काय?

नेपाळही बघा. 1962 च्या घटनेने ते हिंदू राज्य झाले. भगवंताचे जन्मस्थान लुंबिनी त्या हिंदू राज्यात होते. धर्मांतर करवणे तिथे गुन्हा होता. 2006 नंतर तो देश धर्मनिरपेक्ष झाला. तेव्हा ठप्पा कोणताही असो, तो ज्याचा नसतो त्याला भाडेकरू करून टाकतो.

मग बाबासाहेबांचा बौद्धमय भारत म्हणजे काय? आम्ही एवढेच बघतो, की त्यांनी तो कसा मागितला. 1935 साली येवल्याला धर्मांतराची घोषणा केली आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला दीक्षा घेतली. मध्ये एकवीस वर्षे! त्या काळात त्यांनी सगळे धर्म तपासले, वाचले, विचारले. देशाचा धर्म सरकारने ठरवून टाकला असता तर या एकवीस वर्षांना जागा कुठे होती? मसुदा समितीचे अध्यक्ष ते होते, कायदामंत्री ते होते. पण घटनेत बुद्धाच्या नावाचे एक कलम त्यांनी घातले नाही. दीक्षेसाठी सरकारी हुकूम काढला नाही. लोक आपल्या पायाने आले. म्हणजे बौद्धमय होणे हे माणसाने करायचे काम आहे, राज्याने नव्हे. आणि ते काम सोपे नाही. कायद्याने एका दिवसात राजधर्म होतो. पंचशील मात्र रोज पाळावे लागते, दारूच्या गुत्त्यासमोरून जाताना पाळावे लागते, घरात सुनेशी बोलताना पाळावे लागते.

आपल्या जवळच वेरूळ आहे. चौतीस लेण्यांत बारा बौद्ध, सतरा हिंदू, पाच जैन. एकाच डोंगराला तिघांनी हात लावला. डोंगराला कुणी धर्म विचारला नाही. सम्राट अशोक स्वतः बौद्ध, पण शिलालेखात त्याने सर्व पंथांचा मान राखा असेच सांगितले.

राज्याने धर्म बघून माप लावले की काय होते, हे आपण भोगले आहे. 1950 च्या आदेशात अनुसूचित जाती फक्त हिंदूंत धरल्या. 1956 मध्ये शीख आले. आपण दीक्षा घेतली आणि केंद्राच्या सवलतींतून बाहेर पडलो, ते 1990 पर्यंत! त्या काळात कितीतरी जणांनी मनात बुद्ध आणि कागदावर हिंदू असे दिवस काढले. आज ख्रिस्ती झालेले आपलेच दलित भाऊ अजून बाहेर आहेत. त्यांच्या बाजूने बोलताना आपली जीभ अडखळली तर आपण 1990 विसरलो असे होईल.

शेवटची विनंती. 2027 ची जनगणना येते आहे. 2011 मध्ये देशात बौद्ध सुमारे 84 लाख, त्यातले सुमारे 65 लाख महाराष्ट्रात. प्रगणक दारात आले की धर्माच्या रकान्यात न भिता बौद्ध सांगा. 1990 नंतर त्यात सवलत जाण्याची भीती नाही. आणि एक लक्षात घ्या. त्या कागदावर माणसाचा धर्म विचारतात. देशाचा धर्म लिहायला रकानाच नाही. तो नाही, तोवर आपण इथे घरचे आहोत. तो उद्या कुणी घालू म्हणाला, अगदी त्यात आपले नाव लिहू म्हणाला, तरी नको म्हणायचे धैर्य या विहारातल्या प्रत्येक पोरात यावे, एवढीच आमची मंगलकामना.

बाळा, उशीर झाला, पण हे तुझे उत्तर.

भवतु सब्ब मंगलम्! जयभीम! जय भारत!