माणसं नसलेलं बेट



“काहीही बोल, फक्त कॉम्प्युटरवर नको,” असं संयोजकांनी बजावलंय. म्हणून एका बेटाबद्दल बोलते. परभणीकरानं समुद्रावर बोलावं हे जरा धाडसच, पण शेवटी मी आपल्या गोदेच्या पात्रातच येणार आहे.

वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यापासून चौदा-एक किलोमीटरवर समुद्रात उघड्या खडकांची काही बेटं आहेत. नकाशात नाव ‘वेंगुर्ला रॉक्स’. दीपगृह आहे, वस्ती नाही. १८७५ च्या फेब्रुवारीत ॲलन ह्यूम तिथे गेला. काँग्रेसच्या स्थापनेच्या धड्यात आपण पाठ केलेला तोच हा ह्यूम! त्याला तिथे सुरय पक्ष्यांची वाळून गेलेली शरीरं सापडली. लगामी सुरय एरवी समुद्रावरच राहतो, जमिनीवर येतो तो विणीसाठी. कपारीत एकच अंडं घालतो, आणि तेही पावसाळ्यात. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. खवळलेला समुद्रच त्यांचा राखणदार.

तिथल्या गुहांतल्या पाकोळ्यांना मात्र हे संरक्षण नाही. त्या पावसाळ्याआधी लाळेनं घरटी बांधतात, अंधारात टकटक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट काढतात. त्या घरट्यांचं सूप परदेशात महाग विकलं जातं, म्हणून ती चोरली जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं, भाऊ काटदरे यांनी, त्याविरुद्ध काम केलं. पुढे ही पाकोळी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आली.

आता आपल्याकडचं. नदी सुरय हा त्याच कुळातला. तो मार्च ते मे या काळात, पाणी आटलं की नदीतल्या वाळूच्या बेटांवर उघड्यावर दोन-तीन अंडी घालतो. अंडी वाळूच्याच रंगाची, पायाखाली आली तरी कळत नाहीत. आणि आपल्या गोदावरी-पूर्णेच्या पात्रात नेमक्या त्याच महिन्यांत ट्रॅक्टर उतरतात, जनावरं उतरतात, कुत्री फिरतात. इथे राखण करायला समुद्र नाही.

वाळूउपसा मी थांबवू शकणार नाही, हे माहीत आहे. पण सर, आपल्या शाळेची मुलं उन्हाळ्यात नदीवर जातातच. त्यांना एवढं सांगता येईल का, की डोक्यावर सुरय ओरडत घिरट्या घालू लागला तर तिथूनच मागं फिरायचं? आणि ज्यांची शेतं नदीकाठाला आहेत त्या मित्रांनी यंदा एप्रिलमध्ये काठावरूनच बघून मला कळवावं, कोणत्या बेटावर पक्षी बसलेत ते. त्याची यादी मी करते.