काढलेली गाठ काय सांगते?

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान, बालाघाट)



मंगल प्रसंगी रोगाचा विषय काढणे कित्येकांना रुचणार नाही. परंतु धर्मादाय निधीचा विनियोग कसा व्हावा, ह्याचा विचार करण्यास हीच वेळ योग्य होय. स्तनाचा कर्करोग आज भारतीय स्त्रियांत सर्वांत अधिक आढळतो. लाजेपायी त्याचा उच्चार टाळल्याने तो टळत नाही.

गाठ काढली, टाके सुकले, की घरची मंडळी निश्चिंत होतात. खरा प्रश्न तेथून पुढे असतो : रोग पुन्हा उद्भवेल काय, आणि त्याला अडवावे कशाने? ह्याचे उत्तर काही अंशी त्या काढलेल्या गाठीतच असते.

1896 साली ग्लासगोचे शल्यवैद्य जॉर्ज बीटसन ह्यांनी दाखविले, की अंडाशय काढल्यावर स्तनाचा वाढलेला कर्करोग ओसरू शकतो. परंतु हा गुण सर्वच स्त्रियांना येईना. त्याचे कारण पुढे शिकागोच्या एल्वुड जेन्सन ह्यांच्या संशोधनाने उलगडले. काही गाठींच्या पेशींत इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक धरून ठेवणारे पदार्थ असतात. त्यांना ग्राही म्हणतात. प्रोजेस्टेरॉनचेही असेच ग्राही असतात. तपासणीच्या कागदावर 'ईआर' व 'पीआर' लिहिलेले असते, ते हेच.

आपण धानाच्या मुलखातील माणसे. बांधीला कालव्याचे पाणी मिळते ते धुऱ्यात ठेवलेल्या वाटेने. ग्राही ही तशी वाट आहे. टॅमॉक्सिफेनची गोळी ती वाट बुजविते; पाळी कायमची थांबलेल्या स्त्रियांना दिली जाणारी लेट्रोझोलसारखी औषधे मुळातील पाणीच आटवितात. ज्या गाठीला वाटच नाही, तिला ह्या गोळ्यांचा उपयोग नाही.

ग्राही असलेल्या गाठीचे भवितव्य पहिल्या काही वर्षांत सामान्यतः बरे असते. मात्र तिचा धोका पाच वर्षांनंतरही रेंगाळतो, म्हणून गाफील राहू नये. ग्राही नसलेली गाठ उलटली तर बहुधा लवकर उलटते. तिच्यावर केमोथेरपीसारखे अन्य उपचार आहेत. तेव्हा कागदावर 'निगेटिव्ह' शब्द दिसला म्हणून धीर सोडण्याचे कारण नाही.

ही परीक्षा काळजीनेच व्हावी लागते. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 साली सुरू झाले, डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांनी तेथील प्रयोगशाळांचा पाया घातला. त्याच रुग्णालयातून 2000 साली 798 गाठींचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात इस्ट्रोजेनचे ग्राही सुमारे एक-तृतीयांश गाठींतच आढळले. नंतरच्या वर्षांच्या तपासण्यांत ग्राही असलेल्या गाठींचे प्रमाण निम्म्याच्या वर गेले. असे आकडे गाठ कशी जपली आणि कशी तपासली ह्यांवरही अवलंबून असतात. गाठ वेळेवर फॉर्मॅलिनमध्ये न पडल्यास असलेले ग्राही दिसेनासे होतात, आणि बाई उपयोगी औषधास मुकते.

म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. शस्त्रक्रिया बालाघाटला होवो, गोंदियाला होवो की नागपूरला, काढलेली गाठ तासाभराच्या आत 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये, भरपूर द्रवात, पडावी. नातेवाइकांनी ती साध्या पाण्याच्या बाटलीतून नेऊ नये. दुसरे, तपासणीचा कागद आणि गाठीचा मेणाचा ठोकळा ह्यांची व्यवस्था विचारून घ्यावी; शंका आल्यास दुसरीकडे पुन्हा तपासता येते. तिसरे, गोळी लिहून दिली असेल तर ती रोज, किमान पाच वर्षे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावी. ग्राही असलेल्या स्त्रियांत पाच वर्षांच्या टॅमॉक्सिफेनने पहिल्या पंधरा वर्षांतील ह्या रोगाचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटतात, हे 2011 साली वीस चाचण्यांच्या एकत्रित पाहणीत सिद्ध झाले.

आता ट्रस्टकडे एक मागणे. शस्त्रक्रियेला मदत देण्यास आपले हात सढळ असतात. परंतु गोळी स्वस्त असूनही बरे वाटू लागले, की घरखर्चात प्रथम तीच गळते. सुनेच्या औषधाआधी मुलांची फी दिली जाते, आणि ती माउली स्वतःही बोलत नाही. मदतीचा एक भाग ग्राहींच्या तपासणीसाठी आणि पाच वर्षांच्या गोळ्यांसाठी राखून ठेवावा. महिला मंडळातील एखाद्या ताईने दर महिन्याला घरी जाऊन गोळी संपली का, एवढे विचारावे. एका दिवसाच्या मोठ्या देणगीइतकेच पुण्य ह्या साठ महिन्यांच्या विचारपुशीत आहे.