फुलं सरली, तरी पात राहू द्या



दिवाळीची सुटी संपली की आपल्या अमरावती-अकोल्याकडच्या शाळांतून बागेची साफसफाई निघते. मुलं विळे-खुरपी घेऊन हौसेनं येतात. निशिगंधाचा बहर तेव्हा ओसरत आलेला असतो; पात लोळलेली, टोकं पिवळी. ती डोळ्यांना बरी दिसत नाही, म्हणून जमिनीसरशी कापली जाते. वाफा कसा स्वच्छ दिसतो! पण पुढच्या पावसाळ्यात दांडे निघतात ते थोडे आणि बारीक. मग दोष येतो मातीवर.

आता पाहा, कांद्याच्या वाफ्यात आपण असं करतो का? माना आपोआप पडेपर्यंत थांबतोच ना? हळदही पाला वाळल्याशिवाय कोणी खणत नाही. पानांनी उन्हात तयार केलेलं अन्न खाली उतरतं, तेव्हाच गड्डा भरतो. निशिगंधाचं तेच आहे. एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही. त्याच्या अंगाला आलेले नवे कंद पुढे फुलतात. त्यांना पोसते ती ही पात. ती हिरवी असताना कापणं म्हणजे तान्ह्या वासराचं दूध तोडणं.

मग काय करावं? फुलं संपलेला दांडा तेवढा बुडाशी कापावा. पात पिवळी पडू लागली की पाणी हळूहळू कमी करावं, शेवटी बंद करावं. आपली काळी माती ओल धरून ठेवते आणि विसाव्यातला कंद ओलीत सडतो. पात पुरी वाळली की ती काढून खताच्या खड्ड्यात टाकावी. कंद खणून सावलीत ठेवावेत आणि उन्हाळ्याच्या अखेरीस त्यांतले मोठे, टणक निवडून लावावेत.

मात्र हा नियम सगळ्याच झाडांना लावू नका, बरं का. शेवंतीचा बहर संपला की झाड वीतभर ठेवून खुशाल छाटा. बुडाशी नव्या काश्या फुटतात. कर्दळीचा फुलून गेलेला दांडाही मुळाशी कापावा. तो पुन्हा फुलत नाही.

गुरुजी, बाईंनो, एक प्रयोग करून पाहा. निशिगंधाच्या एका वाफ्यातली अर्धी पात कापा, अर्धी राखा. पुढच्या वर्षी दोन्हीकडचे दांडे मुलांकडून मोजून घ्या. तोवर वाफा थोडा अस्ताव्यस्त दिसेल. तपासणीला आलेल्या साहेबांनी कारण विचारलं, तर उत्तर मुलांनाच देऊ द्या.