मार्सेयला जाणाऱ्यास चार शब्द



या व्यासपीठावरून आपण वेदान्त ऐकता, अर्थकारण ऐकता, संतवाङ्मयावरील व्याख्याने ऐकता. त्यांच्या पंक्तीला बसून मी आज भूमध्य समुद्राच्या काठच्या एका शहरात कोठे उतरावे, काय खावे आणि खिसा कसा सांभाळावा, हे सांगावयास उभा आहे. विषय हलका वाटेल. परंतु आपल्यापैकी बहुतेकांच्या आयुष्यात युरोपचा प्रवास एकदाच घडतो. निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतून, किंवा मुलाने तिकडून तिकिटे पाठविली म्हणून माणूस निघतो, दहा दिवसांत सात देश करतो आणि परत येतो. आठवणीत राहते ती बसची खिडकी. जन्मभराच्या पुंजीतला मोठा वाटा ज्या गोष्टीवर खर्च व्हावयाचा, ती नीट कशी करावी हा प्रश्न अगदीच हलका म्हणता येणार नाही.

मी निवडलेले शहर म्हणजे फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचे मार्सेय. आपले वाडवडील त्यास मार्सेलिस म्हणत. इ. स. पूर्व ६०० च्या सुमारास आशिया मायनरमधील फोकाया नगरीतून आलेल्या ग्रीक दर्यावर्दींनी ते वसविले. तेव्हापासून आजतागायत बंदर हाच त्याचा प्राण आहे.

या शहराशी आपला संबंध जुना आहे. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबईहून विलायतेस जाणाऱ्या आगबोटी भूमध्य समुद्रातून जाऊ लागल्या. ज्याला घाई असे तो मार्सेयला उतरून आगगाडीने उत्तरेस कॅले गाठी आणि तेथून खाडी ओलांडून लंडनला जाई. ८ जुलै १९१० रोजी 'मोरिया' बोटीच्या गवाक्षातून सावरकरांनी याच बंदरात उडी घेतली. फ्रेंच भूमीवर त्यांना पकडून पुन्हा इंग्रज पहाऱ्याच्या स्वाधीन करण्यात आले. तो वाद हेगच्या लवादापुढे गेला आणि २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल इंग्रजांच्या बाजूने लागला. १९१४ च्या सप्टेंबरअखेर पहिल्या महायुद्धासाठी निघालेली हिंदी फौज येथेच उतरली. ११ सप्टेंबर १९३१ रोजी गोलमेज परिषदेस जाताना गांधीजी येथेच बोटीतून उतरले.

परंतु यांपैकी मार्सेय पाहावयास कोण आले होते? कोणीच नाही. आपल्या लोकांच्या लेखी हे शहर म्हणजे वाटेवरचे स्टेशन. आजही सहलीच्या पुष्कळ गाड्या तेथे दोनतीन तास थांबून पुढे नीसकडे धावतात. माझे सांगणे थोडक्यात असे : यादीतली दोन गावे कमी करा आणि येथे तीन रात्री राहा. दोन का नाहीत, ते आता सांगतो.

कारण आहे वारा. त्या वाऱ्याचे नाव मिस्त्राल. रोन नदीच्या खोऱ्यातून तो उत्तरेकडून खाली येतो आणि समुद्रावर तुटून पडतो. गंमत अशी की त्या वेळी आकाश निरभ्र असते. खिडकीतून ऊन पाहून आपण सदऱ्यावर बाहेर पडावे आणि कोपऱ्यावर दात वाजावेत, असा तो वारा आहे. हिवाळ्यात आणि वसंतात त्याचा जोर विशेष, पण उन्हाळ्यातही तो सोडत नाही. तो सुटला की बेटांकडे जाणाऱ्या होड्या बंद राहतात. म्हणून समुद्रावरचा कार्यक्रम पहिल्याच दिवशी ठेवावा. त्या दिवशी होडी सुटली नाही तर पुढचे दोन दिवस हाती असतात. ज्याने तो शेवटच्या दिवसावर टाकला, त्याला धक्क्यावरूनच बेटांस नमस्कार करावा लागतो.

आता तयारी. जाण्यास उत्तम काळ मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये उष्मा आणि गर्दी दोन्ही असतात. शेंगेन व्हिसासाठी प्रवासापूर्वी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी तो दाखल व्हावा लागतो. पंधरा दिवसांवर विसंबू नये, दोन महिने हाती ठेवावेत. ज्या देशात मुक्काम अधिक त्याच देशाकडे अर्ज करावयाचा असतो. निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. तो कागद पेटीच्या तळाशी न टाकता हाताशी ठेवावा. आपला तीन खिळ्यांचा प्लग तेथे चालत नाही, जोडणी येथूनच न्यावी. रोजची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. तेथे औषधांचे दुकान हिरव्या क्रुसावरून ओळखावे. संकटात ११२ हा क्रमांक फिरवावा.

पॅरिसहून वेगवान गाडीने सुमारे सव्वातीन तासांत आपण सेंट-शार्ल स्टेशनवर येतो. स्टेशन टेकाडावर आहे आणि त्याच्या दारातून १०४ पायऱ्यांचा भव्य जिना खाली गावात उतरतो. जिना अवश्य पाहावा, पण पेट्या घेऊन उतरू नये. स्टेशनच्या पोटातच मेट्रो आहे, तीच दोन थांब्यांत जुन्या बंदरावर सोडते. विमानतळावरूनही थेट स्टेशनापर्यंत बस येते. मुक्काम जुन्या बंदराच्या आसपास, चालत जाता येईल अशा अंतरावर घ्यावा. भाडे थोडे अधिक पडते, पण दुपारी खोलीवर येऊन पाठ टेकता येते. साठीच्या पुढच्या प्रवाशास ही सोय एखाद्या राजवाड्याच्या दर्शनाहून मोलाची आहे.

पहिल्या दिवशी सकाळी लवकर जुन्या बंदरावर जावे. धक्क्यावर कोळ्यांची मासळी मांडलेली असते आणि भावाची घासाघीस चाललेली असते. भाषा कळत नसली तरी आपल्या कोकणच्या माणसास तेथे परके वाटणार नाही. मग तेथूनच इफच्या किल्ल्याची होडी घ्यावी. हा सोळाव्या शतकातला किल्ला पुढे तुरुंग झाला. अलेक्झांडर द्युमाच्या कादंबरीचा नायक येथलाच कैदी. तो सर्वस्वी कल्पित, तरी त्याची कोठडी आजही दाखवितात आणि लोक ती श्रद्धेने पाहतात.

बंदराच्या उत्तर काठावरची घरे नवी दिसतात, याचे कारण ठाऊक असावे. १९४३ साली जर्मन सैन्याने तेथील रहिवाशांना हाकलून जुनी वस्ती सुरुंगांनी उडविली. जे उरले ते वरच्या अंगाला, ल पानिए या पेठेच्या चढउताराच्या बोळांत. ती पेठ दुसऱ्या दिवशी सकाळी पायी पाहावी. पलीकडे समुद्राच्या कडेला २०१३ मध्ये उघडलेले भूमध्य संस्कृतींचे संग्रहालय आहे. ते मंगळवारी बंद असते. त्याच्या गच्चीवरून एक अरुंद पूल जुन्या सेंट-जाँ किल्ल्यात जातो.

सावरकरांच्या उडीची जागा शोधणाऱ्यांस एक सूचना. मोठ्या आगबोटी जुन्या बंदरात लागत नसत. त्याच्या उत्तरेस, जोलिएतपासून पुढे, ज्या नव्या गोद्या बांधल्या होत्या तेथे त्या लागत. तेव्हा जुन्या बंदरावर उभे राहून इतिहास आठवण्यापेक्षा संग्रहालयावरून तसेच उत्तरेस जोलिएतपर्यंत चालत जावे.

शहराच्या पूर्व-दक्षिणेस कालांक नावाच्या खाड्या आहेत. पांढऱ्या चुनखडीच्या कड्यांमध्ये निळे पाणी शिरलेले दिसते. २०१२ पासून हा प्रदेश राष्ट्रीय उद्यान आहे. चांगले बूट आणि माणशी दोन लिटर पाणी हवे, कारण वाटेवर पाणी नाही. जून ते सप्टेंबर वणव्याच्या भीतीने वाटा केव्हाही बंद होतात, म्हणून आदल्या संध्याकाळी चौकशी करावी. सुजितोन खाडीसाठी उन्हाळ्यातल्या गर्दीच्या दिवशी आगाऊ नाव नोंदवावे लागते, त्यास पैसे पडत नाहीत. गुडघे कुरकुरत असतील त्यांनी मनाला लावून न घेता नोत्र-दाम द ला गार्दच्या टेकडीवर बसने जावे. १८६४ साली पावन केलेले हे मंदिर खलाशांचे दैवत आहे. आत छताला नवसाच्या छोट्या होड्या टांगलेल्या आहेत, आणि बाहेरून सारे शहर व बेटे एका नजरेत येतात.

आता पोटाचा प्रश्न. दुपारचे जेवण बारा ते दोन. अडीच वाजता गेलात तर स्वयंपाकघर बंद झालेले असते, आणि त्यात तुमचा अपमान करण्याचा कोणाचा हेतू नसतो. संध्याकाळी साडेसातपूर्वी फारसे काही मिळत नाही. नळाचे पाणी पिण्यास उत्तम असते. 'कराफ दो' म्हणावे म्हणजे पाण्याची सुरई फुकट येते, नाहीतर बाटलीचे पैसे पडतात. बिलात सेवेचा आकार धरलेलाच असतो. शाकाहारी मंडळींनी 'सां व्यांद, सां प्वासां', म्हणजे मांस नको, मासा नको, हे पाठ करावे. नुसते शाकाहारी म्हटले तर मासा चालत असावा असा तेथे समज होऊ शकतो. हरभऱ्याच्या पिठाची 'पानीस' मात्र निर्धास्त मागावी. पीठ शिजवून, थापून, वड्या पाडून तळतात, म्हणजे आपली पाटवडीच तळणीत उतरलेली. मत्स्याहारी लोकांस बुइयाबेस या रश्श्याचे आकर्षण असते. १९८० साली तेथील खाणावळवाल्यांनी त्याची सनद केली, तीत निदान चार जातींचे ठरावीक मासे हवेत असा नियम आहे. तो पदार्थ महागच असतो. स्वस्तात मिळाला तर तो बुइयाबेस नव्हे, साधे माशाचे सार आहे असे समजावे.

भेटवस्तू म्हणून साबण आणावा. खरा मार्सेय साबण म्हणजे साधा, बिनरंगी वा हिरवट ठोकळा. त्यावर ७२ टक्के तेलाचा शिक्का असतो. रंगीत, सुगंधी वड्या दिसतात सुरेख, पण त्या निराळ्या.

चोरांबद्दल मार्सेयची ख्याती वाईट आहे. ती ऐकून शहर टाळणे जसे चूक, तसे ती खोटी मानणेही चूक. स्टेशन, मेट्रो आणि जुने बंदर या तीन ठिकाणी सावध असावे. फोन खाणावळीच्या टेबलावर ठेवू नये. भगिनींना विनंती की सोन्याची साखळी आणि मंगळसूत्र पदराआड किंवा गळपट्ट्याखाली असावे. पारपत्राच्या दोन नकला दोघांच्या निरनिराळ्या सामानात ठेवाव्यात. आता एक मोठी सोय झाली आहे : १२ फेब्रुवारी २०२५ रोजी मार्सेयमध्ये भारताच्या वाणिज्य दूतावासाचे उद्घाटन झाले. त्याचा पत्ता आणि क्रमांक निघण्यापूर्वीच टिपून घ्यावा. आणि कोठेही, कोणाशीही बोलण्यापूर्वी 'बाँजूर' म्हणावे. नमस्काराशिवाय प्रश्न विचारणे तेथे उद्धटपणाचे समजतात. हा एक शब्द इंग्रजीच्या दहा वाक्यांपेक्षा अधिक कामे करून देतो.

तिसरा दिवस मी दक्षिणेसाठी राखून ठेवण्यास सांगेन. मेट्रोने रों-प्वां द्यु प्रादोपर्यंत जावे. तेथून मिशले हमरस्त्यावर ल कॉर्बुझिएने १९४७ ते १९५२ या काळात बांधलेली ३३७ घरांची इमारत आहे. ज्याने चंडीगड रचले त्याचेच हे काम, आणि २०१६ साली दोन्ही एकाच वेळी जागतिक वारशाच्या यादीत गेली. तोच रस्ता पुढे माझार्गच्या बाजूस जातो. तेथे महायुद्धांतील सैनिकांची दफनभूमी आहे आणि तिच्यात हिंदी सैनिकांचे स्मारक आहे. ते १९२५ साली उघडण्यात आले.

१९१४ साली मार्सेयला उतरलेल्या लाहोर डिव्हिजनमध्ये आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या कंपन्याही होत्या. महिनाभरातच, २८ ऑक्टोबरला, नव्ह शापेलच्या लढाईत त्यांची फार हानी झाली. ते रणक्षेत्र दूर उत्तरेला आहे आणि तेथे जाणे सर्वांस जमणार नाही. पण ज्या धक्क्यावर ते उतरले त्या गावी जमते. त्यांच्या आयाबायकांना गावी तार किंवा पत्र तेवढे मिळाले. समाधी पाहण्याचा योग त्यांच्या नशिबी नव्हता. मार्ग लांब होता, पैसा नव्हता, आणि त्यांना नेणारे कोणी नव्हते. तुमच्याआमच्याजवळ आज तिकीट आहे. सहलीच्या पत्रिकेवर माझार्गचे नाव सहसा नसते, तेथे आपले आपणच जावे लागते. अर्धा दिवस लागतो. प्रवेशास पैसे पडत नाहीत. दगडावरची चार नावे मोठ्याने वाचावीत. नाव वाचले जाणे हे मृतांचे जे थोडे देणे लागते त्यातले एक आहे.

 ज्यांचे जाणे ठरले आहे त्यांचा प्रवास सुखाचा होवो. आणि वाऱ्यासाठी एक लोकरीचा गळपट्टा विसरू नये.