सांधेदुखीचे पथ्य आणि घरचे ताट



शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील, पर्जन्यछायेत मोडणारे तालुके. घोड, भीमा आणि मुळा-मुठा यांचे पाणी कालव्यांनी शिवारात पोहोचण्यापूर्वी येथील शेती बाजरी, ज्वारी, मटकी आणि हुलगा या पिकांवर उभी होती. पाणी आले, ऊस आला, कांदा आला आणि घरातील ताटही हळूहळू बदलत गेले. बदलली नाही ती एक गोष्ट : शेतातील आणि घरातील बहुतेक कामे आजही हातांनीच होतात. खुरपणी, कांदाकाढणी, गाईची धार, भाकरी थापणे, यांपैकी कोणतेही काम बोटे व मनगटे धड असल्याखेरीज होत नाही. सकाळी उठल्यावर ही बोटे तास-दीड तास वळेनाशी झाली, तर त्या घराचा सारा दिवसच अडखळतो. अशा दुखण्यात काय खावे आणि काय टाळावे, हा प्रश्न मग घरोघरी विचारला जातो. त्याचे उत्तर मात्र बहुधा ऐकीव असते.

दुखणे किती आणि कोणते

या भागात हे दुखणे किती आहे, याची मोजदाद जवळच झालेली आहे. दौंडच्या पुढे सोलापूर रस्त्यावर इंदापूर तालुक्यातील भिगवण हे गाव लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने आखलेल्या एका कार्यक्रमाखाली पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेस या संस्थेचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी यांनी १९९६ साली तेथे घरोघर पाहणी सुरू केली. चार हजारांहून अधिक प्रौढ स्त्री-पुरुषांची चौकशी करण्यात आली. त्यांतील सुमारे १८ टक्के व्यक्तींना हाडे, स्नायू वा सांधे यांची काही ना काही तक्रार असल्याचे आढळले. ज्याला वैद्यकात ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आणि आपल्याकडे सामान्यतः आमवात म्हणतात, तो विकार सुमारे अर्धा टक्का लोकांत दिसून आला. अर्धा टक्का हा आकडा लहान वाटतो. परंतु दोन हजार प्रौढांच्या गावात त्याचा अर्थ दहा माणसे असा होतो, आणि या विकारात स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या दोन ते तीन पट असते.

सर्वच सांधेदुखी एका जातीची नसते. वयोमानाने गुडघे झिजतात, तो एक प्रकार. रक्तातील युरिक आम्ल वाढून पायाचा अंगठा एकाएकी लाल होतो व ठणकतो, तो दुसरा. आमवात हा तिसरा आणि सर्वस्वी वेगळा प्रकार होय. रोगजंतूंशी लढण्यासाठी असलेली शरीराची संरक्षणयंत्रणा येथे आपल्याच सांध्यांच्या आतील अस्तराला परके समजून त्यावर चालून जाते. तेथे दाह सुरू होतो, सूज येते आणि वेळीच आवर घातला नाही, तर हाड व कूर्चा यांची झीज होऊन बोटे कायमची वाकडी होतात. हे नुकसान पुष्कळदा पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होते. म्हणून या रोगात काळ हाच सर्वांत महागडा पदार्थ आहे.

टाळण्याची लांबलचक यादी

दुखणे सुरू झाले की सल्ले सुरू होतात. डाळ वातूळ म्हणून बंद, दही-ताक आंबट म्हणून बंद, वांगे, बटाटा, टोमॅटो बंद, अंडी-मटण उष्ण म्हणून बंद. यांतील काही निर्बंध युरिक आम्लाच्या दुखण्यासाठी सांगितलेले असतात आणि ते चुकून आमवाताच्या रुग्णाला लागू केले जातात. वांगे, बटाटा वा टोमॅटो यांनी आमवात वाढतो, असे दाखविणारा भक्कम पुरावा उपलब्ध नाही.

या यादीचा भार कोणावर पडतो, हेही पाहिले पाहिजे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. आमवाताचा जुना दाह स्वतःच रक्त कमी करतो. घरातील सर्वांचे झाल्यावर उरलेले खाणारी गृहिणी जेव्हा डाळ, ताक आणि अंडी सोडून चहा-चपातीवर राहू लागते, तेव्हा पथ्याच्या नावाखाली उपासमारच घडते. स्नायू खंगतात आणि सांध्यांचा आधार नाहीसा होतो. दुखणे तेवढेच राहते, शक्ती मात्र जाते.

जेथे अन्न हेच औषध

एखादा पदार्थ कायमचा वर्ज्य करणे हाच उपाय ठरतो, असाही एक स्वयंप्रतिकार विकार आहे. त्याचे नाव सीलिअॅक रोग. गहू आणि सातू यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे अशा रुग्णाच्या आतड्याच्या अस्तरावर त्याच्याच संरक्षणयंत्रणेचा हल्ला होतो. जुलाब, रक्तक्षय, मुलांची खुंटलेली वाढ ही त्याची लक्षणे. नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाविषयी आधीपासूनच संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धामुळे तेथे पाव मिळेनासा झाला असता, ही मुले सुधारतात आणि पाव परत येताच पुन्हा आजारी पडतात, हे दिसून आले. गहू हेच कारण असल्याचे पुढे सिद्ध झाले.

या रुग्णांच्या दृष्टीने शिरूर-दौंडचा मुलूख भाग्यवान म्हटला पाहिजे. बाजरी, ज्वारी, नाचणी, मका आणि तांदूळ यांत ग्लुटेन नसते. मात्र एक दक्षता हवी. ज्या गिरणीत गहू दळला जातो, तेथे पाठोपाठ दळलेल्या बाजरीत गव्हाचे पीठ मिसळते. अशा रुग्णाचे दळण घरी वा वेगळ्या गिरणीत व्हावे. बाजारातील हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ घातलेले असते, तेही तपासावे. रक्ततपासणीपूर्वी मात्र गहू सोडू नये. सोडल्यास रोग असूनही तपासणीत तो दिसत नाही.

सीलिअॅक रोगातील हा नियम आमवाताला जसाच्या तसा लावता येत नाही. गहू बंद केल्याने प्रत्येक आमवाती रुग्ण बरा होईल, ही समजूत निराधार आहे.

शास्त्र काय सांगते

आहार आणि आमवात यांचा संबंध आपल्या परंपरेला अपरिचित नाही. माधवनिदान या प्राचीन ग्रंथात आमवाताचे स्वतंत्र वर्णन आहे, आणि आयुर्वेदात त्याच्या उपचाराचा आरंभ लंघनाने सांगितला आहे. १९९१ साली नॉर्वेतील संशोधकांनी ५३ रुग्णांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला सात ते दहा दिवसांचे लंघन आणि त्यानंतर वर्षभर शाकाहार देण्यात आला. त्या गटातील रुग्णांची सूज व वेदना नेहमीचा आहार घेणाऱ्या गटापेक्षा कमी झाली आणि हा लाभ वर्षअखेरपर्यंत टिकला. प्रयोग लहान होता. कोणता आहार चालू आहे, हे रुग्णांपासून लपविणेही शक्य नव्हते. तरीही अन्नाचा दाहाशी काही संबंध आहे, याकडे त्याने लक्ष वेधले. अशक्त, मधुमेही किंवा स्टिरॉइड घेणाऱ्या रुग्णाने मात्र आपल्या मनाने लंघन करणे धोक्याचे आहे.

अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली तयार केलेल्या मार्गदर्शक सूचनांत भूमध्यसागरी पद्धतीच्या आहाराची मर्यादित शिफारस केली आहे. भरड धान्ये, कडधान्ये, भाज्या, फळे, तेलबिया आणि मासे हा त्या आहाराचा गाभा. इतर ठरावीक नावांचे आहार व पूरक गोळ्या यांची शिफारस तेथे केलेली नाही. युरोपातील तज्ज्ञांचा निष्कर्षही याच दिशेचा आहे : कोणताही एक पदार्थ फार मोठा फरक घडवून आणत नाही, परंतु समतोल आहार आणि योग्य वजन यांचा उपयोग होतो. लठ्ठ रुग्णांत औषधांचा गुण कमी येतो, हे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

बाजरीच्या मुलखातील ताट

भूमध्यसागर फार दूर आहे, परंतु तेथील ताटातील गुण येथील जुन्या ताटात बहुतांशी होते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ११ ग्रॅम प्रथिने, ११ ग्रॅमहून अधिक तंतू आणि ६ मिलिग्रॅमहून अधिक लोह असते. सडलेल्या तांदळात लोह एक मिलिग्रॅमही नसते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सहभागाने २०१२ साली प्रसारित झालेला ‘धनशक्ती’ हा बाजरीचा वाण तर अधिक लोहासाठीच निवडलेला आहे. बाजरीतील लोह अंगी लागावे म्हणून जेवणात लिंबू किंवा आवळा असावा आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये.

भाकरीसोबत मोड आलेली मटकी किंवा हुलग्याचे माडगे, मेथी, शेपू वा शेवग्याच्या पाल्याची भाजी, वाटीभर ताक किंवा दही आणि जवस-कारळ्याची चटणी, असे ताट कोणत्याही महागड्या डब्याहून सरस आहे. जवसात ओमेगा-३ वर्गातील स्निग्ध पदार्थ आहे. माशांतील त्याच वर्गातील पदार्थांइतका तो प्रभावी नाही, तरी रोजच्या चटणीला त्यासाठी वेगळा खर्च पडत नाही. जे मासे खातात, त्यांनी आठवड्यातून दोनदा ते अवश्य खावेत. समुद्रातील बांगडा व तारली यांत हे स्निग्ध पदार्थ विशेष असतात. भाजीतील हळद उत्तमच. मात्र हळदीच्या सत्त्वाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नयेत.

कमी करावयाचे ते हे : दिवसातून अनेकदा होणारा साखरेचा चहा, बेकरीचे पदार्थ, वारंवार तापविलेल्या तेलातील तळण, पापड-लोणच्यातील मीठ. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याऐवजी भगर, शेंगदाणे, ताक आणि फळे घ्यावीत. धूम्रपान आमवाताचा धोका वाढविते आणि औषधांचा गुण कमी करते. मशेरीने हिरड्या व मुख यांची हानी होते. म्हणून तंबाखू कोणत्याही रूपात वर्ज्य समजावी.

एखादा पदार्थ खाल्ल्यावर दर वेळी दुखणे वाढते, असा कोणाचा अनुभव असेल, तर तो एकच पदार्थ दोन-तीन आठवडे बंद करावा, पुन्हा सुरू करून पाहावा आणि त्याची वहीत नोंद ठेवावी. एकाच वेळी दहा पदार्थ सोडले, तर दोषी कोण हे कधीच कळत नाही.

औषध आणि जेवण यांचा मेळ

आहार हा औषधाचा सोबती आहे. त्याने औषधाची जागा घेऊ नये. आमवातावर सर्वाधिक वापरले जाणारे मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते. गोळीचा वार ठरवून तो घरातील दिनदर्शिकेवर लिहावा. सोबत दिलेली फॉलिक आम्लाची गोळी टाळू नये. या औषधावर असताना मद्य घेतल्यास यकृताला अपाय होतो. गर्भधारणेचा विचार असणाऱ्या स्त्रियांनी ही गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगितली पाहिजे, कारण हे औषध गर्भाला घातक आहे. वेदनाशामक गोळ्या उपाशीपोटी घेऊ नयेत. स्टिरॉइड चालू असता मीठ व साखर कमी आणि दूध, नाचणी, तीळ यांतून मिळणारे कॅल्शियम अधिक असावे. ते औषध एकाएकी बंद करू नये.

नाव-गाव नसलेल्या पुड्यांपासून विशेष सावध राहावे. दोन दिवसांत आराम देणाऱ्या अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळल्याची उदाहरणे आपल्या देशात अनेक आहेत. वरवर दुखणे थांबते, आत सांधा झिजतच राहतो आणि हाडे ठिसूळ होतात.

सहा आठवड्यांहून अधिक काळ बोटांच्या सांध्यांना सूज असेल, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा शिरूर व दौंड येथील शासकीय रुग्णालयांत तत्काळ दाखवावे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आले आहेत. पुढील तपासणीसाठी पुण्याचे ससून सर्वसाधारण रुग्णालय आहे.

घरातील मंडळींवरही एक कर्तव्य येते. आजारी सुनेचे, सासूचे वा मुलीचे पथ्य हे तिने एकटीने, सर्वांच्या मागाहून आणि उरल्यासुरल्या अन्नावर पाळावयाचे व्रत नव्हे. बाजरीची भाकरी, उसळ, पालेभाजी आणि ताक हे ताट साऱ्या घराने स्वीकारावे. तिच्या वाटची डाळ तिला मिळाली की नाही, हे घरातील कर्त्या माणसाने पाहावे, आणि गोळीच्या वाराची आठवण शाळेत जाणाऱ्या मुलाने करून द्यावी. औषध वेळेवर मिळाले आणि अन्न पुरेसे मिळाले, तर पुष्कळ रुग्णांना आपल्या हातांनी आपली कामे दीर्घकाळ करता येतात.