धोक्याचा कचरा आणि धाकटा कंत्राटदार



व्याख्यानमालेच्या पत्रिकेतला विषय वाचून दोघा-तिघांनी मला विचारले, की अणुकचरा आणि विषारी कचरा यांचे अक्कलकोटला काय? इथे अणुभट्टी नाही, रसायनांचा मोठा कारखाना नाही. गुरुवारी स्वामींच्या दर्शनाला गर्दी, एरवी शेती, दुधनीची बाजारपेठ आणि पोटापाण्यासाठी सोलापूर, पुणे, मुंबई. त्या पोटापाण्यासाठी गाव सोडणाऱ्या माणसाबद्दलच मी आज बोलणार आहे. खोदकाम, पाडकाम, भराव, टाकी साफ करणे, भंगार उचलणे ही कामे मुकादमाच्या उचलीवर घेणारी माणसे आपल्या सीमाभागातूनच जातात. उद्या कुठे विषारी जमीन खोदायची झाली, तर फावडे यांच्याच हातात असणार आहे.

भोपाळचे उदाहरण घेऊ. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधली वायुगळतीची रात्र सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या कारखान्याच्या आवारात पडून राहिलेल्या कचऱ्याचे पुढे काय झाले, हे फार थोड्यांनी लक्षात ठेवले. 2011 च्या सुमारास तो नागपूरजवळच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीत जाळायचे घाटत होते. महाराष्ट्रातून विरोध झाला आणि बेत बारगळला. पुढे जर्मनीला पाठवायची बोलणी झाली, तीही फिसकटली. शेवटी मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये चार आठवड्यांची मुदत घातली. 1 जानेवारी 2025 च्या रात्री 12 कंटेनरांतून 337 टन कचरा धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला निघाला. तिथल्या लोकांनी मोर्चे काढले, दोघांनी अंगावर पेट्रोल ओतून घेतले. आधी तीन चाचण्यांत 30 टन जाळले आणि जूनच्या अखेरीस बाकीचेही संपवले. 40 वर्षांनी!

वर्तमानपत्रांनी लिहिले, भोपाळचा कचरा संपला. तो संपलेला नाही. ते 337 टन म्हणजे पिंपांत आणि पोत्यांत भरून ठेवलेला भाग होता. आपल्या नागपूरच्या नीरी या संस्थेने हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेबरोबर 2010 च्या सुमारास पाहणी केली, तेव्हा दूषित मातीचा अंदाज 11 लाख टनांच्या आसपास निघाला. भट्टीत गेलेल्या कचऱ्याच्या कित्येक हजार पट ही माती आहे. ती कोण खोदणार? निविदा मोठ्या कंपनीच्या नावावर निघेल. ती खोदकाम एकाला देईल, वाहतूक दुसऱ्याला, मजूर तिसऱ्याकडून घेईल. कागदावर कंपनीचे नाव आणि खड्ड्यात मुकादमाची माणसे, हा आपल्याकडचा रिवाज आहे.

म्हणून माझे म्हणणे असे, की छोट्या कंत्राटदाराला या कामाचे दार उघडून द्या, कारण काम तोच करणार आहे. पण त्याची पात्रता पैशाने न मोजता त्याच्या माणसांच्या तयारीने मोजा. आज आपण नेमके उलटे करतो.

निविदेच्या अटी पाहा. तीन वर्षांची उलाढाल, पूर्वी केलेल्या तशाच कामाचे प्रमाणपत्र, बयाणा रक्कम, बँकेची हमी. या चाळणीतून छोटा माणूस सहसा पार होत नाही. मग तो पोटठेकेदार होतो आणि तिथे त्याला कोणी काहीच विचारत नाही. दुसऱ्या बाजूला, छोट्यांना पुढे आणायचे म्हणून सरकारने सवलती दिल्या आहेत. केंद्राच्या 2012 च्या खरेदी धोरणाने वस्तू आणि सेवांच्या खरेदीत सूक्ष्म व लघु उद्योगांचा वाटा ठरवला, आज तो 25 टक्के आहे. त्यांना बयाणा माफ आहे, उलाढालीची आणि अनुभवाची अटही शिथिल करता येते. आपल्या राज्यात मजूर सहकारी संस्था आणि सुशिक्षित बेरोजगार अभियंते यांच्यासाठी छोटी कामे राखून ठेवण्याची पद्धत जुनी आहे. मी या सवलतींच्या बाजूचा आहे. पण रस्त्याच्या मुरुमाला चालणारी सवलत पाऱ्याने भिजलेल्या मातीला चालत नाही. उलाढालीची अट जरूर सोडा. मजुराला काय शिकवले, त्याच्या तोंडावर कोणता मास्क आहे, त्याचे रक्त कधी तपासले, या अटी कोणासाठीही सोडायच्या नाहीत.

अमेरिकेत हा भेद नीट केलेला दिसतो. तिथल्या केंद्र सरकारने मुख्य कंत्राटांच्या रकमेपैकी 23 टक्के छोट्या उद्योगांकडे जावेत असे उद्दिष्ट ठेवले आहे, म्हणजे दार उघडे आहे. पण विषारी कचऱ्याच्या जागेवर नेहमीचे काम करणाऱ्या कामगाराला आधी 40 तासांचे प्रशिक्षण, मग जाणत्या देखरेखीखाली तीन दिवस प्रत्यक्ष काम आणि पुढे दरवर्षी आठ तासांची उजळणी सक्तीची आहे. वैद्यकीय तपासणी काम सुरू करण्यापूर्वी, वर्षाला आणि काम सोडताना. कंपनी दहा माणसांची आहे की दहा हजारांची, याने नियम बदलत नाही.

आपल्याकडे आकड्याने नियम बदलतो. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात 20 किंवा अधिक मजूर लावणारा कंत्राटदार येत होता. महाराष्ट्राने ती मर्यादा 50 केली, नव्या कामगार संहितेतही 50 च आहे. म्हणजे बारा माणसे घेऊन खड्ड्यात उतरणारा मुकादम परवान्याच्या कक्षेबाहेर. धोका त्याच्याकडे सर्वांत जास्त आणि कायद्याची नजर सर्वांत कमी. विषारी कामाला ही आकड्याची मर्यादा लागूच नसावी असे माझे स्पष्ट मत आहे.

इथे एक गोष्ट समजून घ्या. रासायनिक कचऱ्याचे दार वेगळे आणि किरणोत्सारी कचऱ्याचे वेगळे. पहिले केंद्रीय आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळांकडे, 2016 च्या घातक कचरा नियमांखाली. दुसरे 1983 साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाकडे, त्याचे कार्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. एका दाराचा परवाना दुसऱ्या दारात चालत नाही. किरणोत्सारी कामात शिस्त कडक आहे, आणि तिथे एक व्यवस्था मला फार मोलाची वाटते. किरणोत्साराच्या कामावरच्या माणसाला छातीवर मोजणीचा बिल्ला लावावा लागतो. त्याला जन्मभरासाठी एक क्रमांक मिळतो आणि त्याने किती किरणोत्सार सोसला याची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत राहते. मालक बदलला तरी नोंद त्याच्याबरोबर जाते. पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात 30, ही मर्यादा. रासायनिक कचऱ्यातल्या मजुराची अशी नोंदवही नाही. तो आज तळोज्याला, पुढच्या हंगामात रांजणगावला, मग परत गावाकडे. दहा वर्षांनी मूत्रपिंड गेले तर कुठल्या मातीने गेले, याचा पुरावा कोणाकडे असेल?

पण नोंदवही असली म्हणून काम संपत नाही. जपानची हकीकत ऐका. 2011 च्या त्सुनामीनंतर फुकुशिमाच्या अणुभट्ट्यांच्या सफाईत कंत्राटदारांच्या थरांवर थर होते. त्या डिसेंबरात खालच्या थरातल्या एका छोट्या कंपनीच्या अधिकाऱ्याने आपल्या कामगारांना किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रावर शिशाचे आवरण घालायला लावले. का? मर्यादा भरली की माणूस घरी पाठवावा लागतो. अनुभवी माणसे घरी गेली की कंपनीचे काम जाते आणि माणसाची रोजी जाते. जुलै 2012 मध्ये हे उघडकीला आले. प्रकल्पाबाहेरच्या गावांची सफाई करणाऱ्या कामगाराला सरकारने रोज 10,000 येनचा धोका-भत्ता ठरवला होता. तो वरून खाली झिरपता झिरपता अनेकांच्या हाती पोचलाच नाही. जपानसारख्या शिस्तीच्या देशात हे घडले. त्या अधिकाऱ्याला नुसता दुष्ट ठरवून मी मोकळा होणार नाही. ज्या व्यवस्थेत मर्यादा पाळणाऱ्याचा धंदा बुडतो, तिथे कोणीतरी शिसे शोधणारच. मर्यादा भरलेल्या कामगाराला सुरक्षित जागी पूर्ण पगारावर काम द्यायची तरतूद कंत्राटातच हवी आणि तिचा पैसा मूळ मालकाने द्यायला हवा.

आपल्या जिल्ह्यात किरणोत्सार नाहीच असे समजू नका. कर्करोगावरच्या किरणोपचारात तो आहे. बॉयलरच्या आणि नळांच्या जोडांची तपासणी इरिडियम-192 ने करतात. त्याची ताकद 74 दिवसांत निम्मी होते, कोबाल्ट-60 ला सव्वापाच वर्षे लागतात. परवानाधारकाच्या हातात ही साधने सुरक्षित असतात. ती बेवारस झाली की भंगारात जातात. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातले, कित्येक वर्षे न वापरलेले गॅमा यंत्र 2010 साली लिलावात निघाले. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडले गेले आणि आतला कोबाल्ट हातोहात गेला. एका कामगाराचा जीव गेला, बाकीचे गंभीर आजारी पडले. त्याआधी 1987 मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात असेच सिझियम फोडले गेले. चार मृत्यू झाले, 1 लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली. दोन्हीकडे बळी भंगाराशी संबंधित माणसे आणि त्यांच्या जवळचे लोक होते. तीन पाकळ्यांची काळी-पिवळी खूण दिसली की हात लावायचा नाही, लांब उभे राहून पोलिसांना कळवायचे, एवढे तरी प्रत्येक भंगारवाल्याला ठाऊक असायला हवे.

आता निविदेकडे परत येतो, कारण खरी मेख तिथे आहे. सर्वांत कमी दर भरेल त्याला काम. मग कंत्राटदार दर कशातून कमी करणार? डिझेल सगळ्यांना त्याच भावात मिळते, जेसीबीचे भाडे तेच. उरतो मजूर. मास्कची जाळी आठवड्याऐवजी महिन्याने बदलायची, आंघोळीची सोय कागदावरच ठेवायची. नोव्हेंबर 2014 मध्ये उल्हासनगरजवळ वालधुनी नदीत टँकरमधून रासायनिक कचरा ओतला गेला आणि वायूने शेकडो माणसे आजारी पडली. स्वस्तातली विल्हेवाट अशी असते. यावर उपाय अवघड नाही. प्रशिक्षण, तपासणी, संरक्षक पोशाख आणि अंग धुण्याची सोय यांची रक्कम निविदेत आधीच ठरवून वेगळी ठेवावी, त्यावर बोली लागूच नये आणि प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे ती द्यावी. केंद्राच्या अर्थ खात्याने ऑक्टोबर 2021 मध्ये ठरावीक कामांत गुणवत्तेला 30 टक्क्यांपर्यंत वजन द्यायची मुभा दिलेली आहे. वापरायची इच्छा हवी.

प्रशिक्षण कामगाराला कळेल त्या भाषेत हवे. आपल्या तालुक्यात अर्धे घर कानडी बोलते. इंग्रजीतली सूचनापत्रिका सही घेऊन वाटली की कागद पूर्ण होतो आणि माणूस तसाच राहतो. परीक्षा तोंडी घ्या, हातात मास्क देऊन घ्या. मास्क घट्ट बसतो का, दोघांनी एकमेकांचा पोशाख कसा उतरवायचा, मळके बूट कुठल्या रेषेच्या आत ठेवायचे, हे करून दाखवता आले तरच पास.

कोणी म्हणेल, एवढे सगळे छोट्या माणसाला परवडेल कसे? एकट्याला परवडणार नाही. दहा मजूर संस्थांनी मिळून एक प्रशिक्षण केंद्र चालवले, पोशाख आणि मोजणीची यंत्रे सामाईक घेतली, एका डॉक्टरांशी वर्षाचा करार केला, तर परवडते. सहकार ही आपल्या जिल्ह्याला नवी गोष्ट नाही. मोठ्या कंपनीलाही काम मिळण्यापूर्वी आपल्या पोटठेकेदारांची नावे आणि त्यांची तयारी जाहीर करायला लावावी. अपघात झाला तर जबाबदारी वरच्याचीही राहावी.

गटारे आणि शौचटाक्यांच्या बाबतीत आपण काय केले, ते विसरून चालणार नाही. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा 2013 चा कायदा आला, 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक मृत्यूमागे 10 लाख ठरवले, 2023 मध्ये ते 30 लाख केले. तरी माणसे टाकीत उतरतात आणि मरतात, कारण भरपाई मेल्यावर मिळते आणि तयारी जिवंतपणी करावी लागते. विषारी जमिनींच्या बाबतीत आपण अजून सुरुवातीलाच आहोत. जुलै 2025 मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. देशात अशा 103 जागा ओळखल्या गेल्या होत्या आणि प्रत्यक्ष सफाई जेमतेम सातांवर सुरू झाली होती. किरणोत्सारी कचरा या नियमांत येत नाही, पण बाकी पुष्कळ येते. म्हणजे काम पुढे आहे आणि कामाची पद्धत अजून ठरायची आहे.

या नियमांनुसार संशयित जागा शोधून कळवण्याचे काम जिल्हा प्रशासनाकडे आणि स्थानिक संस्थांकडे आहे, आणि नागरिकांच्या तक्रारीवरूनही ते होऊ शकते. तेव्हा श्रोत्यांना माझी विनंती. आपल्या शिवारात, ओढ्याकाठी, बंद कारखान्याच्या मागे कोणी पिंपे पुरली असतील, विहिरीच्या पाण्याला रसायनाचा वास येत असेल, तर स्वतः खोदू नका, लेखी अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात द्या आणि पोच घ्या. सभागृहात जे तरुण अभियंते आणि मजूर संस्थांचे अध्यक्ष बसले आहेत, त्यांनी पुढच्या वर्षाच्या आत निदान एक तुकडी या कामासाठी तयार करावी. निविदा निघाल्यावर 40 तास शिकायला वेळ मिळत नाही.